मंत्राच्या जागी शिव्या

घड्याळवाल्याच्या अंगणात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. फाटकात गर्दी, पायऱ्यांवर गर्दी, शेजारच्या गच्चीवर बाया माना लांब करून उभ्या. सगळ्यांचे डोळे धुण्याच्या दगडाजवळच्या एका भोकाकडे. भोक बांगडीएवढं, आणि आतून अखंड गुणगुण.

“जमीन बोलतेय हो!” समोरच्या काकू छातीवर हात ठेवून म्हणाल्या. “आमच्या परसातपण बोलत होती. भूमीबाबांनी चिमूटभर राख टाकली आणि दोन दिवसांत गप्प!”

“काय बोलत होती जमीन?” घड्याळवाल्याच्या मेहुणीने विचारलं.

“ते आपल्याला कळलं असतं तर बाबा कशाला लागले असते, सिस्टर?”

काकू नकळत अगदी खरं बोलून गेल्या होत्या. मेहुणी हसली नाही. गेल्या वर्षभरात ती फारशी हसलेली नव्हतीच.

ती मोठ्या दवाखान्यात तातडीच्या विभागात नर्स होती, म्हणून सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. आज तिने रजा काढली होती. सकाळीच येऊन तिने धुण्याच्या दगडापासून चांगली लांब चुन्याची रेघ मारली होती आणि आता एकेकाला दंडाला धरून रेघेमागे सारत होती. “पोरांना घरात घाला. रेघ ओलांडलीत तर मी कुणाचं ऐकणार नाही, सांगून ठेवते.” लोकांना वाटलं, बाईची बाबांवर श्रद्धा जडली. बाईच्या मनात काय शिजत होतं ते बाईलाच ठाऊक.

गेल्या वर्षी याच दगडावर तिची ताई, घड्याळवाल्याची बायको, धुणं धुवायला बसली होती. भर दुपारची वेळ. साबणाचं पाणी वाहत बिळात गेलं आणि आतल्या गांधीलमाश्या खवळून बाहेर आल्या. ताईला मानेवर, ओठावर डंख बसले. गांधीलमाशीचं विष काही जणांना अजिबात सोसत नाही, ताई त्यातलीच. ओठ सुजले, घसा आवळत चालला. दवाखाना चौकापलीकडेच होता. पण भूमीबाबा तेव्हा शेजारीच मुक्कामाला होते. त्यांनी ताईच्या जिभेवर राख ठेवली आणि फर्मावलं, “घटकाभर हिला अंगणातून हलवू नका. जमिनीचा कोप आहे, जमिनीवरच उतरेल.”

घड्याळवाल्याने हलवलं नाही. घटकाभराने रिक्षा दवाखान्याच्या दारात आली तेव्हा स्ट्रेचर घेऊन धावली ती सिस्टरच. तोंडावरचा पदर बाजूला केला तेव्हा तिला कळलं, आपण कुणाला आत नेतोय. ज्या इंजेक्शनने ताई वाचली असती ते तिच्याच ट्रेमध्ये तयार होतं. त्याचा आता काही उपयोग नव्हता.

एवढ्यावर बाबांचं भागलं नाही. पुढे भरल्या घरात त्यांनी सांगितलं, “बाईने जमिनीच्या तोंडात घाण ओतली. तिचं पाप तिला भोवलं.” पापिणीचा फोटो भिंतीवर नको, असाही हुकूम झाला. भाऊजींनी फोटो उतरवून कपाटात ठेवला. त्या दिवसापासून सिस्टरला एकच गोष्ट हवी होती. याच अंगणात, याच लोकांसमोर, याच तोंडाने बाबाला ते शब्द परत घ्यायला लावायचे. न्याय वगैरे मोठे शब्द तिच्या मनात नव्हते. तिला सूड हवा होता.

बाबा आले. पांढरीशुभ्र कफनी, कमरेला दोन बटवे, मागून शिष्य. शिष्याच्या हातात लाल फडकं गुंडाळलेला कंदील. बाबांनी आभाळाकडे पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

“अजून ऊन आहे. भूमी अंधारातच ऐकते.”

“मला रात्रपाळी आहे हो, बाबा,” सिस्टर धडधडीत खोटं बोलली. “आणि एवढी माणसं ताटकळलीत. तुमच्यापुढे ऊन काय नि अंधार काय!”

“खरंय, खरंय!” गर्दी म्हणाली. गर्दीने एकदा खरंय म्हटलं की बाबांचाही नाइलाज असतो.

मग बाबांची टकळी सुरू झाली. “भूमीला सात पडदे! प्रत्येक पडद्याआड सात कान! आणि प्रत्येक कानाला माझं नाव पाठ!” बोलता बोलता त्यांची नजर कुंपणाकडे गेली. तिथेही एक बीळ होतं. परवा बाबा जागा बघायला आले तेव्हा तेही गुणगुणत होतं. आज तिथे सामसूम. बाबांचे डोळे लकाकले.

“पाहा! फाटकात पाऊल टाकताना मी मनातल्या मनात मंत्र म्हटला, आणि ते बीळ आपोआप शांत झालं!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. काकूंनी डोळे पुसले.

“कोणता मंत्र, बाबा?” सिस्टरने विचारलं.

“गुप्त आहे.”

“माझा काही गुप्त नाही. ते बीळ परवा तुम्ही गेल्यावर तिन्हीसांजेला मी गप्प केलं. तुमची हुबेहूब नक्कल करून. फक्त मंत्र येत नव्हता, म्हणून त्या जागी तुम्हाला शिव्या घातल्या. येत होत्या तेवढ्या सगळ्या घातल्या, अगदी तुमच्या आजोबांपासून. माश्या तरीही मेल्या.”

गच्चीवर कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबा हसले नाहीत.

सिस्टर लोकांकडे वळली. वॉर्डातल्या नव्या मुलींना शिकवावं तशा सुरात म्हणाली, “जमीन बोलत नाही. आत गांधीलमाश्यांचं पोळं आहे. अंधार पडला की सगळ्या माश्या घरी परततात आणि गारव्याने सुस्तावतात, म्हणून बाबांना तिन्हीसांज लागते. लाल उजेड त्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणून कंदिलाला लाल फडकं. मी टॉर्चला लाल जिलेटीनचा कागद लावला. आणि राख म्हणाल तर ती बियाण्यांच्या दुकानात मिळते. किडे मारायची भुकटी आहे ती, रंगापुरती राख मिसळलेली. बिळाच्या तोंडाशी टाकली की माश्या जातायेता पायांनी आत नेतात. दोन दिवसांत पोळं खलास.”

“खोटं!” बाबा कडाडले. “हीच राख मी भक्तांच्या जिभेवर ठेवतो!”

“हीच?” सिस्टर याच वाक्याची वाट बघत होती. “जिभेवरची उजव्या बटव्यातली असते, जमिनीवरची डाव्यातली. काकूंच्या परसात मी नीट बघून ठेवलंय. आता डाव्या बटव्यातली चिमूट स्वतःच्या जिभेवर ठेवा. चाटा, बाबा.”

बाबांचा हात डाव्या बटव्याकडे गेला आणि तिथेच राहिला. शिष्य कंदील खाली ठेवून हळूच मागे सरकला.

“चाटा की, बाबा,” काकू म्हणाल्या. त्यांचा अजून विश्वास होता. बाबांना तेच जास्त झोंबलं.

“चाटायचं काय घेऊन बसलात? डोळ्यांनी चमत्कार बघा!” असं गरजून बाबा तरातरा धुण्याच्या दगडाकडे निघाले.

“थांबा, अजून उजेड आहे,” सिस्टर म्हणाली. नर्स होती म्हणून म्हणाली. ते त्याला ऐकू जाऊ नये असंच तिला मनापासून वाटत होतं.

बाबांनी बिळाच्या तोंडाशी दाणकन पाय आपटला. “गप्प!”

जमीन हादरली की आपल्या घरावर कुणी चालून आलं असंच माश्यांना वाटतं. त्या बाहेर आल्या. बाबांनी कफनी डोक्यावर ओढली आणि वाट फुटेल तिकडे धूम ठोकली. फाटकाबाहेर रस्त्यावर पोचेपर्यंत घोट्यावर, मनगटावर आणि कानाच्या पाळीवर डंख बसले होते. रेघेमागच्या एकालाही माशी चावली नाही.

“दवाखाना! गाडी काढा रे! मेलो!” रस्त्यात बसकण मारून बाबा बोंबलत होते.

सिस्टरने शिष्याला रिक्षा आणायला पिटाळलं आणि ती बाबांपाशी टेकली. नाडी पाहिली, ओठ पाहिले, श्वास ऐकला. सगळं ठाकठीक होतं. याचं भरपूर दुखणार होतं, पण जिवाला काही होणार नव्हतं. हे तिने त्याला सांगितलं नाही. त्याच्याच उजव्या बटव्यातली चिमूट त्याच्यापुढे धरली.

“घ्या, जिभेवर ठेवा. घटकाभर इथून हलू नका. जमिनीचा कोप आहे, जमिनीवरच उतरेल.”

“अगं, घसा आवळतोय माझा!”

“तिचाही आवळत होता.”

“राखेने काही होत नाही! इंजेक्शन दे!”

“मोठ्याने बोला. गच्चीवर ऐकू गेलं नाही.”

“राखेने काही होत नाही!” बाबा किंचाळले.

“आणि माझी ताई?”

बाबांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. “तिचं काही चुकलं नव्हतं गं! लगेच दवाखान्यात नेली असती तर वाचली असती. मला त्यातलं काय कळतंय! आता तरी ने मला!”

भाऊजी फाटकाचा खांब धरून उभे होते. वर्षभर जपलेला सूड हातात आल्यावर सिस्टरला बरं वाटलं, आणि त्याची तिला लाज वाटली नाही. मग रिक्षा आली. तिने बाबांना उचलून आत बसवलं आणि स्वतः शेजारी बसून दवाखान्यात नेलं, कारण तिचा धंदा राखेचा नव्हता. मलमपट्टी झाल्यावर बाबांची रवानगी पोलीस चौकीत झाली, डाव्या बटव्यासकट.

दुसऱ्या दिवशी भाऊजी तिच्यापुढे मान खाली घालून म्हणाले, “बंद पडलेलं घड्याळ आलं की मी उघडून आत बघतो. राख कधी लावली नाही. मग तिच्याच वेळी माझं डोकं कुठे गेलं होतं?”

“ते तिला विचारा,” सिस्टर म्हणाली. बाबाचा हिशेब मिटला होता, भाऊजींचा नाही. भाऊजींनी कपाट उघडलं, फोटो पुसला आणि भिंतीवर टांगला.

तिन्हीसांजेला दोघं अंगणात गेली. पूर्ण बाह्यांचे जाड कपडे, हातमोजे, मोज्यांत खोचलेली विजार, लाल टॉर्च. भाऊजींनी बिळाच्या समोर न जाता बाजूने भुकटी टाकली आणि सावकाश मागे आले. त्यांनी मंत्र म्हटला नाही. शिव्या मात्र घातल्या, स्वतःलाच.

तुमच्याही अंगणात उद्या जमीन गुणगुणायला लागेल. कान लावायला जाऊ नका. त्यात पाणी, रॉकेल ओतू नका, भोक बुजवू नका, पोरांना लांब ठेवा. घरात कुणाला डंख सोसत नसेल, किंवा तुमची छाती होत नसेल, तर कीड मारणाऱ्या जाणत्या माणसाला बोलवा. आणि डंख बसून कुणाचे ओठ सुजले, श्वास अडकू लागला, तर त्या क्षणी दवाखाना गाठा. वाटेत कुणी हात आडवा करून म्हणालं की घटकाभर थांबा, तर तो हात बाजूला सारा आणि निघा.