मुका रेडिओ

रुखमाबाईच्या घरातला रेडिओ आठ दिवस मुका होता, पण बंद नव्हता. ही गोष्ट तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हती, आणि तिलाही तीत काही वावगं वाटत नव्हतं.

तिचा एकुलता एक लेक सहदेव फौजेत. एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई जुंपली, तेव्हा त्याचं एक पत्र आलं, तेही लढाईच्या आधी लिहिलेलं: 'येत्या बारा तारखेला, रविवारी संध्याकाळी सातला, जवानांच्या फर्माइशीत माझं नाव येईल. आईला ऐकवा.' त्यानंतर चिठ्ठी नाही की चपाटी नाही. रुखमाबाईनं मनाशी ठरवून टाकलं, नाव आलं म्हणजे पोरगा सुखरूप. तिच्या नवऱ्याला, किसनरावाला, या समजुतीतली खोट दिसत होती; फर्माइश तर लढाईआधीच गेलेली. पण सांगायचं कोणत्या तोंडानं?

आदल्या रविवारी शेजारच्या शंकररावांनी तासभर रेडिओचे कान पिळून ते स्टेशन लावून दिलं, काट्यासमोर काचेवर कुंकवाचं बोट टेकवलं, आणि दुसऱ्या दिवशी घराला कुलूप ठोकून ते लेकीकडे निघून गेले. आता कोणी हात लावू नये एवढीच रुखमाबाईची धडपड. किसनराव तर दिवसभर वावरातच असायचा.

बारा तारखेला दुपारी त्यानं सहज आवाज मोठा केला. रेडिओ घशात काही अडकल्यासारखा घोगरला.

"अवं, सेल बसले! लावून तं नव्हता ठेवला?"

"लावून काहाले ठेवू? आवाज पार बारीक केला होता. बंदच होता म्हना."

"आठ दिवस?"

"हाव. पुरा बंद केला तं काटा हलून टेशन हरपलं असतं. मंग तुमी देल्लं असतं काय लावून?"

किसनरावानं कपाळावर हात मारला. "बोलला नाही म्हनून तो जेवला नाही काय? मुकाट्यानं सेल खाऊन राह्यला ना तो!"

लढाईच्या बातम्यांपायी देऊळघाटच्या दुकानातले सेल कधीच संपले होते, आणि बुलढाण्याहूनही काल माणसं हात हलवत परतली होती. या चार घरांच्या वस्तीवर दुसरा रेडिओ शंकररावांचा, तो कुलपात. मग रुखमाबाईनं सेल काढले आणि थोडा तरी जीव धरावा म्हणून अंगणात पत्र्यावर उन्हात मांडले. शेजारी बसून ती कावळे हाकलत राहिली आणि पापडासारखे ते सेल उलटवत राहिली. भाकर तशीच राहिली.

सातला सेल घातले. आवाज आला, पण विहिरीच्या तळातून यावा तसा. गाणं, नावं, परत गाणं. तिसऱ्या गाण्याआधी रेडिओतली बाई म्हणाली, "आणि महाराष्ट्रातल्या बुलढाणा जिल्ह्याचे..." आणि रेडिओ गप्प झाला.

किसनरावानं थापट्या मारल्या. सेल काढून तळहातावर घासले, परत घातले. काही नाही.

"आपला सहदेवच," तो म्हणाला. "दुसरं कोन असन?"

याच जिल्ह्यातल्या उंद्रीच्या तानाबाईचा पोरगाही सहदेवच्याच पलटणीत होता, हे दोघांनाही माहीत होतं. त्याचं नाव नसू दे, असं रुखमाबाईच्या मनात येऊन गेलं आणि तिला स्वतःचीच भीती वाटली. तानाबाईच्याही घशाखाली आज घास उतरला नसेल.

"सकाळी उंद्रीले जा," ती म्हणाली. "तानाबाईनं ऐकलं असन, तिले इचारा. तिच्या पोराचं नाव आलं असन, तं तसंच सांगा. खोटं नका सांगू मले."

"हाव," किसनराव म्हणाला.

मग तिनं हात पुढे केला आणि आठ दिवसांत पहिल्यांदाच बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. कट्कन आवाज झाला, रेडिओ पुरा बंद झाला. तिनं कंदील जवळ आणला. काटा कुंकवाच्या बोटासमोर होता तिथंच होता, तसूभरही हलला नव्हता. तेव्हा मात्र रुखमाबाईला रडू फुटलं.