चाळीस तिकिटांचं आवतान

माझ्या सासूला व्यवहार कळत नाही, हे मी लग्न होऊन वडप्याला आले त्याच आठवड्यात ओळखलं होतं.

तिचं नाव गोदू. आमच्याकडं लग्नात धवले गाणारी बाई असते, तिला धवलारीण म्हणतात. हळदीपासून वरात निघेपर्यंत एकेक विधी तिच्या गाण्यावर चालतो. देवांना लग्नाचं आवतान द्यायचं तेही तिनंच, गाऊन. आवतान म्हणजे आमंत्रणच, पण पत्रिकेसारखं दारात टाकून यायचं नसतं. हळद लावलेले तांदूळ उंबऱ्यावर ठेवायचे, घरच्या बाईला कुंकू लावायचं आणि नाव घेऊन बोलवायचं. एके काळी आजूबाजूच्या गावांत सासूची तारीख मिळाल्याशिवाय लग्न ठरत नसे. मग डीजे आला. आता तिला रीत म्हणून बोलावतात. चार ओळी झाल्या की कोणीतरी म्हणतं, "आजी, बस आता," आणि स्पीकर सुरू होतो.

घरी आल्यावर ती ह्याबद्दल चकार शब्द काढत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तांदूळ निवडायला बसते आणि अर्धा राहिलेला धवला सुपासमोर पुरा करते. मला कामावर जायला सातची गोडाऊनची बस गाठायची असायची, डब्याची घाई, आणि इकडं हिचं गाणं. मी म्हणायची, "आई, सुपाला ऐकू येत नाही. जरा हात चालवा."

आमच्याच गावचा विपुल दर हिवाळ्यात मानकोलीच्या मैदानावर 'सूरखाडी' नावाचा महोत्सव भरवतो. तीन दिवस नुसती गाणी. ह्याच्या आजोबांच्या शेतांवर गोडाऊन उभी राहिली आणि भाड्याच्या पैशांवर ह्याला गाण्याचं वेड परवडलं. पहिली चार वर्षं मैदान पुरलं नाही. गोडाऊनवाले कामगारांसाठी तिकिटांचे गठ्ठेच्या गठ्ठे घ्यायचे. मी स्वतः दोनदा कंपनीच्या तिकिटावर ऐटीत खुर्चीवर बसून आले आहे. नारपोलीचे लूमवालेही शे-दीडशे तिकिटं उचलायचे. महोत्सव शुक्रवारी सुरू व्हायचा तोच मुळी शुक्रवारी लूमला सुट्टी असते म्हणून.

यंदा दिवाळीनंतर सगळंच बसलं. सूत महाग, कापडाला गिऱ्हाईक नाही. नारपोलीतले लूम आठवड्यातून तीन दिवस चालायला लागले आणि गावाकडं गेलेले कारागीर परत आलेच नाहीत. आमच्या गोडाऊनमध्ये माल येईना, तेव्हा एका मंगळवारी आमची शिफ्टच बंद केली. अठ्ठावन्न बायका एका दिवसात घरी. अशात विपुल तिकिटं घेऊन नारपोलीला तनवीरशेठकडं गेला. शेठ हसले म्हणे. "विपुलभाई, शुक्रवार का काय को सोचते हो? अभी तो रोज जुम्मा है." चार तिकिटं घेतली त्यांनी, तीही भिडेखातर.

मोठे गायक परवडेनात म्हणून विपुलनं गावचे कलाकार घ्यायचं ठरवलं. नशीब बघा, मंदी आली म्हणून माझ्या सासूला स्टेज मिळालं.

तो घरी आला तेव्हा सासू मासळी साफ करत होती. "आजी, शनिवारी संध्याकाली सहाला तुझा धवला. आर्धा तास," तो म्हणाला.

"पुरा?"

"पुरा."

"मधी कुनी बस बोलनार न्हाय?"

"कोन बोलतंय? माईक तुझ्या हातात."

तिनं हात धुतले आणि तेच सगळं पुन्हा एकदा विचारलं. त्या दिवशी मला कळलं की बाईला आयुष्यात एवढंच हवं आहे: माणसं समोर बसलेली, आणि एक धवला शेवटपर्यंत.

मग विपुलनं खिशातून तिकिटांचा गठ्ठा काढला. प्रत्येक कलाकारानं चाळीस तिकिटं खपवायची, दोनशेला एक. खपली तर गाणं. "मला तरी काय हौस हाय का, वैनी?" तो माझ्याकडं बघून म्हणाला. "स्टेजचंसुदा निघंना यंदा."

मी म्हटलं, मी खपवते. पण दुसऱ्याच दिवशी वडिलांच्या मोतीबिंदूसाठी मला माहेरी जावं लागलं. चार दिवसांनी परत आले तर सासू ओटीवर बसलेली, चेहरा एवढा खुललेला की मी आधी घाबरलेच.

"तिकिटं खपली?"

"चालीसच्या चालीस."

मला गहिवरून आलं. सासूला आपण उगाच बोलतो असं वाटलं. चहा टाकता टाकता मी विचारलं, "पैसे कुठं ठेवलेत?"

"कसलं पैसं?" ती म्हणाली. "आवतानाचं कुनी पैसं घेतं का गो?"

तिनं हळदीचे तांदूळ केले होते. घरोघरी गेली होती, उंबऱ्यावर अक्षता ठेवून, बाईला कुंकू लावून, नाव घेऊन, आणि मग हातात तिकीट. चाळीस घरं चार दिवसांत पायी फिरली होती, ह्या वयात. कोणी नाही म्हटलं नव्हतं. सगळ्यांनी तिकीट कपाळाला लावून घेतलं होतं, हे तिनं मला दोनदा सांगितलं.

मी काय काय बोलले ते इथं सांगत नाही. बोलायला नको होतं ते सगळं बोलले. तिला माझा राग कळतच नव्हता, आणि त्यामुळं मला आणखी चढत होता. पैसे मागायला मी तरी कोणत्या दारात जाणार होते? निम्म्या घरांतल्या बायका माझ्यासोबतच कामावरून सुटलेल्या.

शेवटी विपुलकडं जाऊन खरं ते सांगितलं. तो डोक्याला हात लावून बसला, मग स्वतःच हसला. "ऱ्हाऊ दे, वैनी. पैसं न्हाय तं न्हाय. पन मानसं तरी आन. कॅमेरा लागनार हाय, ज्यांनी थोडंफार पैसं लावलंत ती बगनार हायती. चालीस मानसं खुर्चीत बसलेली दाव. रिकाम्या खुर्च्यांसमोर आजीला उभी करनार न्हाय मी."

"फुकट ते पौष्टिक," मी म्हणाले. "चाळीस कशाला, शंभर येतील बघ."

शनिवारी सासू दुपारीच तयार झाली. लुगडं नेसली, केसांत अबोलीचा गजरा माळला, आणि पदराच्या टोकाला उरलेल्या अक्षता बांधून घेतल्या. धवला पुरा झाला की त्या देवांच्या नावानं उधळायच्या असतात. अर्ध्यावर थांबला तर त्या तशाच राहतात, आणि अक्षता परत भातात घालता येत नाहीत. गेली काही वर्षं आमच्या देव्हाऱ्यामागं अशा तांदळाच्या पुड्याच साठल्या आहेत.

आम्ही पाचला मैदानावर पोचलो. चहूबाजूंनी पत्रे लावलेले, आत सहाशे खुर्च्या, आणि माणसं मात्र इकडं दोन, तिकडं चार. डाव्या बाजूच्या चाळीस खुर्च्यांवर विपुलनं कागद चिकटवला होता, 'गोदूआजी'. तिथं तिघंच बसलो होतो: मी, माझा नवरा, आणि पाय दुखले म्हणून टेकलेला साऊंडवाला. सासू स्टेजच्या मागं होती. पडद्याच्या फटीतून तिचा डोळा मला दिसत होता.

पावणेसहाला मला बसवेना. मी उठून गेटबाहेर गेले.

समोर सर्व्हिस रोडच्या पलीकडं वडापावची गाडी होती, आणि गाडीच्या आडोशानं आमचं वडपं उभं होतं. गोडाऊनमध्ये पॅकिंगच्या टेबलावर सहा वर्षं माझ्या शेजारी उभी राहिलेली चंद्रा होती, ठेवणीतली साडी नेसून. वॉचमनची नोकरी गेलेला लडकूकाका इस्त्रीचा सदरा घालून होता. पार्वती होती, तिच्या जावा होत्या, आणखी किती तरी. गेटपासून वीस पावलं. चंद्रानं मला पाहिलं आणि मान खाली घातली.

माझं डोकं सणकलं. मला वाटलं, तिकिटं ह्यांनी शंभर-पन्नासाला कोणाला तरी विकून खाल्ली आणि आता पत्र्याबाहेरून फुकट ऐकायला आलेत. म्हणून तर नजर चुकवतेय. मनात आलं, जाऊन झिंज्या धराव्यात. पण मी काही बोलले नाही. तोंड फिरवलं आणि आत येऊन बसले.

सहा वाजले. सहा-दहा झाले. विपुलनं आमच्या खुर्च्यांकडं बघितलं, गेटकडं बघितलं, मग स्टेजमागं गेला. मीही मागोमाग गेले. माईकची वायर हातात गुंडाळत, सोडत तो म्हणाला, "आजी, आज न्हाय जमनार. बँजोवाल्यांना चढवतो आता. पुढच्या वर्साला बगू आपन."

सासूनं पदराची गाठ मुठीत धरली.

"म्हंजे तू पन बस बोल्लास," ती म्हणाली. "आन मी तं आजून सुरूसुदा केला नव्हता."

विपुलचे डोळे भरले. वाईट पोरगा नाही तो.

आम्ही गेटबाहेर पडलो तसे रस्त्यापलीकडचे सगळे एकदम पुढं आले. मी शिव्या द्यायला तोंड उघडणार तेवढ्यात चंद्रानं मूठ उघडली. तिकीट होतं. चुरगळलेलं, घामानं ओलं, पण अख्खं, कोपरासुद्धा न फाटलेलं. लडकूकाकाच्या खिशात तिकीट होतं. पार्वतीच्या चोळीत होतं. सगळ्यांकडं होतं.

"कदी गानार, गोदूआय?" लडकूकाकानं विचारलं. "बेंजो वाजाया लागला. आमी पाच वाजल्यापासून कान लावून हाव."

"मंग आत का न्हाय आलांव रं?"

चंद्रा बोलली, खाली बघत. "तू अक्षता दिल्यास, आय. कुकू लावलंस. आवतान झाला तो. आवतानाला हात हलवीत कसं यायचं? आहेर नको? नारल तरी, खन तरी. आज सकाली घरात तेलाला पैसं नव्हतं, आहेर कुठून आनू? बोल्ले, भायेर उभी ऱ्हाते, आवाज तं भायेर पन येतो."

"आगो, तिकिटाच्या गान्याला कसला आहेर?"

"तिकीट म्हनून दिला असतास तं सरल न्हाय बोल्ले असते, नको मला. आवतानाला न्हाय कसं बोलू?"

सासू खाली रस्त्याच्या कडेला टेकली. "माजाच चुकला," ती म्हणाली. "लोकांच्या चुली थंड, आन मी अक्षता वाटीत फिरले."

पार्वती म्हणाली, "इथंच गा, आय. आमी ऐकतो." पण पत्र्याच्या आत बँजो असा काही वाजत होता की शेजारच्याचं बोलणंही ओरडल्याशिवाय कळत नव्हतं. सासूनं हात जोडले. मग एकेकाचं नाव घेऊन, जेवून जा रं घरी, असं सांगितलं, जणू लग्न लागलं होतं आणि पाहुणे निघाले होते.

आम्ही टेम्पोत बसलो. नवरा गाडी चालवत होता, मध्ये मी, खिडकीशी सासू. तिच्या मांडीवर पदराची गाठ होती तशीच होती. पुलाखालून वळलो तेव्हा तिनं विचारलं, "मेघाली, तू भायेर गेलीवतीस ना मधी? पावनेसाला?"

"हो."

"कुनी दिसला न्हाय तुला?"

एकच हाक मारायची होती मला. 'चंद्रा, आत ये, आहेर-बिहेर काही नको.' एवढंच. वीस पावलं होती. माणसं आली असती, खुर्च्या भरल्या असत्या, आणि माझी सासू अर्धा तास गायली असती.

"न्हाय, आई," मी म्हणाले. "कुनीच दिसला न्हाय."

तिनं मान हलवली. "तेच बोल्ले मी. दिसली असती तं तू हाक मारली असतीस."

त्याला आता दोन महिने झाले. मला अजून काम लागलेलं नाही, शिफ्ट पुन्हा सुरू होणार असं नुसतं ऐकतो आहोत. देव्हाऱ्यामागं एक पुडी वाढली आहे. सकाळी सासू सूप घेऊन ओटीवर बसते आणि मी तिच्या समोर चहा घेऊन बसते. सातची बस माझ्याशिवाय जाते. मला कसली घाई नाही, डबा नाही, ऐकायला वेळच वेळ आहे. ती खडे बाजूला काढते, तांदूळ पाखडते, सूप भिंतीला टेकवून ठेवते आणि उठून आत जाते. गात नाही.