नंबर कुणाच्या रानाचा

चुलतभाऊ ज्योतिबाचं कुणी कौतुक केलं, की माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू? पंचेचाळीस साली शेतीखात्याचे भाऊसो वडूजजवळच्या आमच्या गावात शाळूचा उतारा, म्हणजे रानात पीक किती येतं ते, काढायला आले. गावातली दोनच रानं निवडायची होती. पहिल्याच फटक्याला ज्योतिबाचं निघालं आणि मी चावडीतच उसळलो.

“आवं सायेब, गावात एक नंबर शाळू माजा हाय! सडकंनं जाणारा बाजारकरी थांबून बगतोय. ह्येचं रान कशापायी?”

भाऊसोंच्या हातात पुस्तक होतं. त्यात नुसते आकडे, ओळीच्या ओळी. डोळे मिटून बोट ठेवायचं, ज्या रानाचा नंबर येईल ते घ्यायचं.

“चांगलं बघून घेतलं तर चांगलंच कळेल,” ते म्हणाले. “मला सगळं गाव कळायला हवं. म्हणून प्रत्येक रानाला सारखी संधी.”

सारखी! मला आणि ज्योतिबाला? तरी दुसऱ्या खेपेला मी मनातल्या मनात म्हसोबाला नारळ बोललो. बोट पडलं आणि नंबर माझा निघाला! ज्योतिबाकडं बघत मी मिशीवरून हात फिरवला.

रानात गेल्यावर विळा घेऊन मी सडकेच्या कडेलाच उभा राहिलो. घरचं सगळं शेणखत मी तिथंच ओतलं होतं. लोक बघतात तिथंच घालायचं ना? आत मात्र वरून कीर्तन, आतून तमाशा.

पण भाऊसोंनी पुन्हा पुस्तक उघडलं. कापायची जागासुद्धा आकड्यानंच ठरायची. कोपऱ्यापासून बावन्न पावलं सरळ, एकतीस आडवी. तिथं शाळू माझ्या कमरेलाही लागत नव्हता.

“सायेब, जरा सडकंकडं सरका की,” मी काकुळतीला आलो.

“एक पाऊलही नाही.”

खुंट्या ठोकल्या, दोर ताणला, तेवढ्यातलंच कापलं. ज्योतिबाच्या रानातही तसंच केलं. कणसं बडवून दाणे सगळ्या गावासमोर तोलले. ज्योतिबाचे नऊ शेर भरले, माझे चार.

ज्योतिबा हसला असता तर बरं झालं असतं. निदान भांडण काढता आलं असतं. तो जवळ आला आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, “अर्जुना, माज्या उकिरड्यातलं खत ने गड्या. आतल्या रानाला घाल.”

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं ठाऊक होतं आणि त्यानं कुठं चकार शब्द काढला नव्हता. शाळू त्याचा सरस निघाला, ते मी एक वेळ गिळलं असतं. पण माणूसही तोच सरस निघाला, ते काही मला सोसलं नाही. त्याचं खत मी नेलं नाही.