अर्धा चकाकलेला रुपया

छापा.

मी एक जुना चांदीचा रुपया आहे, मित्रांनो, आणि आज मला गप्प बसवत नाही! माझा जन्म १९११ सालचा. छाप्यावर दाढीवाला राजा, त्याच्या अंगरख्यावर इवलासा हत्ती. कोरणाऱ्याने त्याची सोंड इतकी आखूड काढली की लोकांना ते डुक्कर वाटले. ओरड झाली. माझी बहुतेक भावंडे पुन्हा वितळवली गेली. मी सुटलो!

अंबूबाईंच्या आईने लग्नात मला लेकीच्या ओटीत घातले. तेव्हापासून मी कासारवाडीच्या घरी, देव्हाऱ्यात. रोजच्या हळदीकुंकवात मुरून छान काळासावळा झालो.

एकदा शेजारचे खंडूभाऊ मला डोळ्यांशी धरून हसले. "आजी, हत्तीला सोंडच न्हाई! डुप्लिकेट माल हाय राव!"

अंबूबाईंचा हात थांबला. "माज्या आईनं खोटं नाणं दिलं व्हय मला?"

त्यांची नात स्वप्नाली नाणी जमवते. ती म्हणाली, "आजी, त्या सालची सोंड आखूडच असते. पण नकलीसुद्धा तशीच बनवतात. नुसतं बघून मी नाही सांगणार. तपासायला पाठवू."

त्या दिवसापासून अंबूबाईंनी मला कुंकू लावले नाही.

काटा.

स्वप्नालीचा भाऊ ज्योतीराम चाकणच्या कंपनीत बफिंगला आहे. गंजलेल्या पार्टचा तो आरसा करतो. त्याला वाटले, रुपया काळा पडलाय, म्हणून खोटा दिसतो. त्याने मला देव्हाऱ्यातून गुपचूप उचलले. खंडेनवमीला सगळी कंपनी मशिनी पुसत होती. त्याने मला खिशातून काढले आणि फिरत्या चाकाला लावले.

घर्रर्र!

राजाची दाढी गुळगुळीत. हत्तीची पाठ सपाट. मी ओरडत होतो, पण चाक माझ्याहून मोठ्याने ओरडत होते. तो मला उलटा करणार, एवढ्यात हाक आली, "ज्योतीराम, नारळ फोडायचाय, ये रे!"

वाचलो. अर्धा!

"बघ, कसा चकाचक!" घरी येऊन तो म्हणाला.

स्वप्नालीने कपाळाला हात लावला. "दादा, सोलून आणलास की रे त्याला!"

आणि दसरा होताच तिने मला तपासायला पाठवले.

कड.

वजन. भिंग. प्रकाश. पुन्हा भिंग. तपासणाऱ्यांनी मला फक्त कडेने धरले, तोंडाला बोटही लावले नाही. एवढा मान! मग मला पारदर्शक डबीत बंद करून, वर चिठ्ठी लावून घरी धाडले.

सगळे जमले. खंडूभाऊसुद्धा.

"सत्तरपैकी किती मार्क?" ज्योतीरामने विचारले. नाण्यांना सत्तरपैकी श्रेणी मिळते, हे त्याला आता कळले होते.

"मार्क नाहीत, दादा. पॉलिश केलंय, असं लिहिलंय. घासलेल्या नाण्याला आकडा देत नाहीत."

ज्योतीरामची मान खाली गेली.

"त्ये ऱ्हाऊ दे!" अंबूबाई कडाडल्या. "पास का नापास, त्ये सांग आदी!"

"अस्सल आहे, आजी! तुझ्या आईनं खरं नाणं दिलं होतं!"

अंबूबाईंनी डोळ्यांना पदर लावला, मग तोच पदर कमरेला खोचला. "ऐकलंस का रं खंडू? सोंड न्हाई म्हनं!"

"चुकलं आजी. आता चहा तरी टाका!"

मित्रांनो, तुमच्या घरी माझे एखादे भावंड असेल, तर त्याला चिंच, राख, पावडर, काही लावू नका. आमचा काळेपणा म्हणजे मळ नव्हे, ते आमचे वय आहे. कडेने धरा. शंका आली तर जाणत्यांकडून तपासून घ्या. अंदाजाने कुणालाही खोटे ठरवू नका.

अंबूबाईंनी कुंकवात बोट बुडवले. स्वप्नालीने अडवायला हात पुढे केला. बोट माझ्याकडे आले, टेकले... डबीवर!

"आता लाव बघू चाकाला," त्या ज्योतीरामला म्हणाल्या आणि मला देवाशेजारी ठेवले.