नसलेल्या ट्रॅक्टरचा ट्रेंचर

इसहाक मुकादमकडे ट्रॅक्टर नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढं तुम्ही मलाच नावं ठेवाल. ट्रॅक्टर नव्हता, वाडी नव्हती. दिघीला खाडीच्या अंगाला एक घर होतं आणि त्यात तो एकटा. आणि हा बाबा चार महिने दर मंगळवारी एसटीनं म्हसळ्याला जाऊन ट्रॅक्टरच्या मागं लावायचा ट्रेंचर पसंत करत होता. बाजारात तुरी म्हणतात त्या आणखी कुठल्या असतात?

सुरुवात साधीच झाली. बँकेच्या कामाला म्हसळ्याला गेला होता. येताना एका शोरूमच्या दारात नवाकोरा ट्रेंचर दिसला. पाइप गाडण्यासाठी जमिनीत अरुंद चर खोदत जातो ते यंत्र, लांब दांड्यावर दातेरी साखळी. कुवेतमध्ये बावीस वर्षं त्यानं हेच चालवलेलं. हात आपोआप साखळीकडं गेला. ताण बघितला, सैल होती. तेवढ्यात आतून सेल्समन कुलदीप बाहेर आला, पस्तिशीचा, गळ्यात कार्ड.

"चाचा, ट्रॅक्टर कुठला हाय तुमचा?"

नाही म्हणायला काय जात होतं? पण नाही म्हटलं की बोलणं तिथंच संपतं. इसहाक म्हणाला, "छोटाच आहे. सत्तावीस एचपी."

झालं. खोट्याचं असंच असतं. एकदा बोललात की त्याला टायर, गियर, डिझेल सगळं तुम्हीच पुरवत बसा.

पुढच्या मंगळवारी कुलदीपनं विचारलं, ट्रॅक्टरला क्रीपर गियर आहे का? इसहाकनं आहे म्हणून सांगितलं आणि वर तो का लागतो तेही समजावलं. ट्रॅक्टर मुंगीच्या चालीनं गेला नाही तर साखळी खोदत नाही, नुसती खरवडते. कुलदीपनं ते वहीत लिहून घेतलं. त्याच्या पुढच्या खेपेला दात्यांचा विषय निघाला. दिवेआगरच्या वाळूला एक दाते, आमच्या जांभ्याला दुसरे, जांभ्यात साधे दाते घातले तर दुपारपर्यंत बोथट. मग खोली दोन फूट की तीन, मग माती चरात परत पडू नये म्हणून काय करायचं. दर वेळी इसहाक एक नवी शंका खिशात घालून यायचा आणि निघताना म्हणायचा, "विचार करून सांगतो." एकदा तर कुलदीप दुसऱ्याच गिऱ्हाइकाला मुंगीची चाल समजावत होता, शब्दन् शब्द इसहाकचा. त्या दिवशी म्हातारा एसटीत स्वतःशीच हसत घरी आला.

घरी हसायला होतं कोण? फरिदाला जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी जुनेरा शारजाला. शुक्रवारी फोन करायची, बीपीची गोळी घेतली का विचारायची, आणि घेतली म्हटलं की तिला घाई असायची. बाकीचे दिवस घरात फ्रिज काय तो आवाज करायचा. मंगळवार गेला तर आपल्याला काहीच उरणार नाही, हे इसहाकला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर पसंती होत नव्हती.

आणि एका सकाळी दारात टेम्पो उभा राहिला. मागं ट्रेंचर दोरखंडानं बांधलेला, पुढून कुलदीप उतरला.

"मालक म्हणाले, चाचांचं ठरत नाही, तर त्यांच्याच ट्रॅक्टरला जोडून दाखव. कुठाय ट्रॅक्टर?" त्यानं बाह्यासुद्धा वर केल्या होत्या.

गॅरेजला दिलाय, एवढं म्हटलं असतं तर आणखी दोन मंगळवार निघाले असते. शब्द जिभेवर तयारही होते. पण कुलदीपच्या हातात ग्रीसची पिचकारी होती, आणि इसहाकला लाज वाटली.

"नाही."

"दुरुस्तीला टाकलाय?"

"नाही रे. नव्हताच कधी."

कुलदीप आधी हसला. मग अंगणातून त्याची नजर फिरली, कुठं चाकाची खूण नाही, आणि त्याचं हसू गेलं. "दिवेआगरचे रावजी दोनदा हाच पीस मागायला आले, चाचा. तुम्ही घेणार म्हणून मी त्यांना परत पाठवलं. मालकांशी भांडलो त्यासाठी."

"माफ कर. मला यंत्र नको होतं," इसहाक म्हणाला. "इथं आठ-आठ दिवस कुणाशी बोलणं होत नाही. तुझ्याकडं आलो की तू विचारायचास, चाचा, हे कसं चालतं. मला बरं वाटायचं."

टेम्पोच्या मागं जाऊन कुलदीपनं घट्ट असलेलाच दोर पुन्हा आवळला. इसहाकनं चहाचं विचारलं, तर नको म्हणाला आणि पुढं जाऊन बसला. टेम्पो सुरू झाला.

"मंगळवारी येऊ नका," तो खिडकीतून म्हणाला. "मालक असतात."

इसहाकनं मान डोलावली. दुसरं काय ऐकायला मिळणार होतं?

"गुरुवारी या." कुलदीप त्याच्याकडं न बघता, समोर रस्त्याकडं बघत बोलत होता. अजून रागातच होता. "रावजींना बोलावतो. त्यांच्या वाडीत सगळी सुपारीची मुळं. दाते कुठले लावायचे, मला नाही सांगता येणार."

टेम्पो वळणाआड गेला. इसहाक घरात आला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभा राहिला. आज शनिवार होता. अजून पाच दिवस काढायचे होते.