आत्याच्या घोरण्याचं संमतिपत्र

बिट्टीने आत्याचं घोरणं मोजायला घेतलं, तेव्हा त्यासाठी अर्ज भरावा लागतो हे तिच्या गावीही नव्हतं.

आत्या गाणं शिकवायची. सकाळचे वर्ग आटोपले की जेवायची, दिवाणावर आडवी व्हायची आणि पाच मिनिटांत असं घोरायला लागायची की कपाटातल्या बशा थरथरायच्या. बाबांचं गाद्या-उशांचं दुकान खालीच होतं. तिथून बिट्टीने फोमचे तीन तुकडे पळवले. पाच, दहा आणि पंधरा सेंटिमीटरचे. रोज एक तुकडा गुपचूप आत्याच्या उशीखाली सारायचा आणि फोनवर आवाज मोजायचा. डोकं उंच ठेवलं की घोरणं कमी होतं का, हा तिचा विज्ञान प्रदर्शनाचा प्रयोग. बारा दिवसांचा तक्ता घेऊन आठवीतली ही शास्त्रज्ञ ऐटीत शाळेत गेली.

विज्ञानाच्या बाईंनी तक्त्याकडे नीट पाहिलंही नाही. "अर्ज क्रमांक चार कुठंय?"

"तो कुठला, बाई?"

"माणसावर प्रयोग असेल तर त्या माणसाची लेखी संमती. प्रयोग सुरू व्हायच्या आधीच्या तारखेची."

"पण प्रयोग तर झाला."

"म्हणजे झालाच नाही," म्हणत बाईंनी बारा दिवसांवर लाल काट मारली. "न विचारता कुणाची झोप मोजतात का? आधी माफी माग, मग सही घे. प्रदर्शनाला अजून दहा दिवस आहेत."

घरी आल्याआल्या बिट्टीने सगळं कबूल केलं. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"माफ केलं. पण मोजलंस काय नक्की?"

"तुझं घोरणं."

"मी घोरत नाही."

बाबा तक्क्याला टाके घालत होते. त्यांना इतकं हसू फुटलं की सुई तक्क्याच्या आत गेली.

"हसायला काय झालं?" आत्या कडाडली. "तीस वर्षं गळ्यावर मेहनत घेतलीय मी. असल्या कागदावर सही करणार नाही!"

दोन दिवस बिट्टी अर्ज घेऊन तिच्या मागे-मागे फिरली. शेवटी बाबांनीच तोड काढली. "अगं, 'घोरणं मोजणे' असं लिहूच नकोस. लिही, 'व्यक्ती घोरते की नाही याची तपासणी'. काय ताई?"

"आण इकडे," आत्या म्हणाली. "एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे."

तिने चष्मा लावून अर्ज अथपासून इतिपर्यंत वाचला. 'व्यक्तीला संभवणारा धोका' या रकान्यात लिहिलं, 'बदनामी'. कलम सहा होतं, 'व्यक्तीचं नाव गुप्त राहील'. त्याखाली तिने दोन रेघा ओढल्या आणि मगच सही ठोकली.

पहिल्या दिवशी ती दिवाणावर फळीसारखी ताठ पडून राहिली, डोळे घट्ट मिटून. "मोज! किती आलं? शून्य ना?" दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मात्र डोळ्यांवर झापड होती. "मी काही झोपणार ना..." एवढं म्हणाली आणि बशा थरथरायला लागल्या. तिथून पुढे रोज झोप लागली आणि बिट्टीचा तक्ता भरला.

मग सगळे बसून फोनवरची ध्वनिमुद्रणं ऐकायला लागले.

"हे खालून येतंय," आत्या म्हणाली. "तुझ्या बाबाचं शिलाई मशीन आहे ते."

"ताई, मी तेव्हा तुझ्या बाजूलाच उभा होतो."

आत्या काही बोलणार, एवढ्यात तिने कान टवकारले. "थांब, पुन्हा लाव. हे पाचचं? आणि आता पंधराचं लाव... अगं, आवाज उतरलाय, पण सूर चढलाय! बाराचा तुकडा आण बरं."

"नाही आणता येणार. अर्जात तीनच तुकडे लिहिलेत."

"अगदी बाईंचीच चेली गं तू!" आत्या चरफडली.

प्रदर्शनाच्या दिवशी बिट्टीच्या फलकावर मोठ्या अक्षरांत होतं, 'व्यक्ती क्रमांक एक'. आत्या अनोळखी बाईसारखी गर्दीत उभी होती, काळा चष्मा लावून. लोक हेडफोन लावायचे आणि खो-खो हसायचे. "हे माणूसच आहे ना, की म्हैस?" एकाने विचारलं. आत्याने तोही अपमान गिळला.

मग परीक्षक आले. नाक-कान-घशाचे डॉक्टर. त्यांनी डोळे मिटून तिन्ही ध्वनिमुद्रणं ऐकली.

"वा! काय दमसास आहे! शिवाय सुरात. असं घोरणं मी उभ्या जन्मात ऐकलं नाही. कोण आहे ही व्यक्ती?"

"सांगता येत नाही, सर. अर्ज चार, कलम सहा."

"मला तरी?"

"कुणालाच नाही, सर."

आत्याने काळा चष्मा काढला. "मी आहे," ती म्हणाली.

बाई धावत आल्या. "अहो, असं काय करता! तुम्ही गुप्त आहात!"

"होते," आत्या म्हणाली.

प्रदर्शनाची समिती कोपऱ्यात जमली. प्रयोगातल्या व्यक्तीने भर गर्दीत स्वतःच नाव सांगितलं तर काय, याला अर्जच नव्हता. बिट्टीचं तोंड एवढंसं झालं. आता बाद होणार, असंच तिला वाटलं. पण बाईंनी कोरा कागद घेतला, पट्टीने रेघा मारल्या आणि वर लिहिलं, 'अर्ज क्रमांक चार-अ'. 'नाव उघड करण्याचं कारण' या रकान्यात आत्याने ठळक अक्षरांत लिहिलं, 'दाद मिळाली'.

बिट्टीचा दुसरा नंबर आला. पहिला आला सांडपाणी गाळणाऱ्या एका यंत्राचा. त्याच्या अर्जाला एकतीस पानांची पुरवणी जोडलेली होती, त्यामुळे बिट्टीला त्याचं वाईटही वाटलं नाही. बाईंनी तिची पाठ थोपटली, तेव्हा मात्र तिला आनंदाने रडू आलं आणि आत्याने पदराने तिचं नाक पुसलं.

निघताना डॉक्टरांनी आत्याला बाजूला घेतलं. नाक एकदा दाखवून जा, म्हणाले. आत्या दोन दिवस घुश्शात होती. तिसऱ्या दिवशी गेली. नाकाचं हाड जरा वाकडं निघालं. छोटीशी शस्त्रक्रिया केली की घोरणं कायमचं बंद होईल, असं डॉक्टर म्हणाले.

"विचार करून सांगते," असं म्हणून आत्या घरी आली. तिचा विचार अजून चालूच आहे.