बंद खोलीतला वाफारा

मारिसिएलोच्या पाठीवर हात ठेवून झोराइदा तिचे श्वास मोजत होती. नजर घड्याळाच्या काट्यावर, ओठ हलताहेत पण आवाज नाही. सत्तावीस, अठ्ठावीस. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलं होतं, मिनिटाला तीसच्या वर गेले तर घरात उपाय करत बसू नका, पोरीला उचला आणि इकडे आणा. काटा बारावर आला तेव्हा एकोणतीस झाले होते. झोराइदाने सुस्कारा सोडला खरा, पण एका आकड्याच्या दिलाशावर कुठल्या आईचा जीव थाऱ्यावर राहतो? तिने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.

पोर सहा वर्षांची. एप्रिलपर्यंत ला पुंताच्या दगडगोट्यांच्या किनाऱ्यावर दिवसभर उंडारायची, हाक मारली तरी घरी यायची नाही. मे महिन्यात इथल्या हिवाळ्याचं धुकं उतरलं, सूर्य जो गेला तो गेलाच, आणि हिचा खोकला सुरू झाला. आता ऑगस्ट. दोन्ही बाजूंना समुद्र, मध्ये घरांच्या चार ओळी. चादरी ओल्या, मीठदाणीतलं मीठ ओलं, पायपुसणी ओली. नवरा उबाल्दो मासेमारीच्या बोटीवर उत्तरेला, महिन्यातून एकदा उगवणारा. घरात झोराइदा, पोर आणि सासू, दोन्या फोर्तुनाता. सासूबाईंची जीभ अशी, की मासळीबाजारातल्या बायकासुद्धा त्यांच्याशी घासाघीस करायला धजत नसत.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "घरात बुरशी आहे का हो?"

"नाही, नाही. थोडा लोणा आहे भिंतीला. समुद्रकाठचं घर, लोणा असायचाच."

बाईंनी पोरीचा स्वेटर नाकाशी नेला, वास घेतला, आणि कागदावर एक फोन नंबर लिहून दिला. म्हणाल्या, "हा माणूस हेच काम करतो. एकदा येऊन बघून जाऊ दे."

घरी हे सांगितलं मात्र, सासूबाई कडाडल्या. "बुरशी? माझ्या घरात? अगं, बुरशी शिळ्या पावाला लागते! नव्वद वर्षांचं घर आहे हे. दर जुलैला खरवडून घेते, रंग देते. राष्ट्रीय सणाला आख्ख्या गल्लीत माझं घर उठून दिसतं. ती कालची डॉक्टरीण मला शिकवणार?"

"आई, बघितल्याने काय जातंय?"

"अब्रू जाते! बुरशी काढणारा दारात उभा राहिला की गल्ली काय म्हणेल? फोर्तुनाता घाणीत राहते म्हणेल!"

एरवी झोराइदा इथे गप्प बसली असती. पण आतून खोकल्याची उबळ ऐकू आली, मग ती शिट्टीसारखी बारीक घरघर. तिने सासूच्या देखत फोन फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. सेन्योर याउरी, पन्नाशीचा, बुटका, गळ्यात मास्क लोंबणारा. दारातच थांबून त्याने दोनदा हवा हुंगली, कुत्रं हुंगतं तशी. सासूबाईंनी ते पाहिलं आणि एप्रनला हात पुसत त्या पुढे झाल्या.

"काय वास येतोय म्हणे? रात्रीच्या माशाचा?"

"मासा चांगला होता वाटतं, सेन्योरा. मी दुसरंच हुंगतोय."

बैठकीच्या भिंतीवर, जुलैतल्या नव्याकोऱ्या पिवळ्या रंगावर, पांढरा फुलोरा आलेला होता. याउरीने पिशवीतून पाणी फवारायची बाटली काढली आणि त्यावर मारली. फुलोरा बघता बघता विरघळून गेला. तोवर सासूबाईंनी शेजारच्या डागावर बोट फिरवून सरळ जिभेला लावलं होतं.

"खारट! घ्या! सांगत होते ना, लोणाच आहे!"

"हा लोणाच आहे," याउरी म्हणाला. "पोरगी कुठे झोपते?"

सासूबाईंचा चेहरा जिंकल्यासारखा फुलला होता, तो तसाच राहिला. झोराइदा त्याला आतल्या खोलीत घेऊन गेली. लहान खोली, एक खिडकी, एक पलंग आणि आजोळहून आलेलं जडशीळ कपाट. ते गारव्यापासून आडोसा व्हावा म्हणून बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. कपाटाच्या कडेला पांढरी लव दिसत होती. याउरीने तिच्यावर पाणी मारलं. थेंब ओघळून गेले, लव जागच्या जागी. विरघळली नाही, हलली नाही.

सासूबाईंनी सवयीने बोट पुढे केलं.

"हे चाटू नका, सेन्योरा," तो शांतपणे म्हणाला, आणि मास्क नाकावर चढवला. दोघींनाही त्याने कापडी मास्क दिले. पोरीला बाहेर पाठवायला सांगितलं. मग कपाट धरून हळूच पुढे ओढलं.

कपाटामागची भिंत भिंत राहिलीच नव्हती. जमिनीपासून तिच्या खांद्यापर्यंत काळा-हिरवा थर होता, मऊ, केसाळ, मध्ये मध्ये ओलाव्याने चमकणारा. पलंगाची उशी तिथून हातभर लांब. चार महिने पोर त्या उशीवर नाक ठेवून झोपत होती, आणि आपण रात्रंदिवस तिच्या पाठीवर हात ठेवून श्वास मोजत होतो, याच्याशेजारी बसून! ती पलंगावर बसणार तोच याउरी म्हणाला, "नका बसू. गादीतही असणार."

त्याने भिंतीत दोन सुया टोचल्या, हातातल्या यंत्रावरचा आकडा वाचला आणि कपाळाला आठी घातली. "कुडाची भिंत ओल धरते, कबूल. पण पलीकडच्या खोलीत एवढी ओल नाही. या खोलीत पाणी कोण उकळतं?"

कोपऱ्यात गॅसची छोटी शेगडी होती, तिच्यावर पातेलं, पातेल्यात निलगिरीची पानं तरंगत होती.

"मी," झोराइदा म्हणाली. "वाफारा देते पोरीला. खोकल्यासाठी."

"दिवसातून किती वेळा?"

"तीन. उबळ वाढली की चार."

"आणि खिडकी?"

"बंद. वारं बाधेल ना तिला. फटींत चिंध्या कोंबल्यात."

याउरीने मान हलवली. चिडला नाही, आणि तेच जास्त लागलं. "मी वर डोंगरातल्या तारमाचा, सेन्योरा. तुमच्या बोलण्यावरून तुम्हीही डोंगरातल्याच. माझ्या आईने मला असाच वाफारा दिला, तिच्या आईने तिला. पण आपल्याकडची हवा कशी, कपडा तासाभरात कडकडीत वाळतो. तिथे वाफ निघून जाते. इथे कुठे जाणार? या भिंतीत. बुरशीला ओल हवी, ऊब हवी आणि बंद खोली हवी. तुम्ही तिला तिन्ही त्रिकाळ जेवायला वाढत होता."

झोराइदाने मनातल्या मनात ओळ जुळवली. पोर खोकते म्हणून वाफारा, वाफाऱ्याने ही काळी लव, आणि लवेमुळे पोर खोकते. तिला आठवलं, टॉवेलखालून पोर म्हणायची, 'नको ना आई, छाती आवळते.' आणि ही काय म्हणायची? 'थोडं सोस, राणी, बरं वाटेल.' मान धरून ठेवायची तिची, पातेल्यावर. स्वतःच्या हातांनी!

सासूबाई आता दणदणीत काहीतरी ऐकवणार म्हणून झोराइदाने मान खाली घातली. पण दोन्या फोर्तुनाता त्या काळ्या भिंतीकडे बघत होत्या. "तिला काही बोलू नका," त्या याउरीला म्हणाल्या, जणू तो काही वाईट बोलला होता. "दर जुलैला रंग मीच देते. कपाट मीसुद्धा कधी हलवलं नाही. काय करायचंय ते करा. सुरू करा."

"पोरीला आधी या घरातून हलवा. भिंत उघडली की हवेत धूळ उडते, किती काळजी घेतली तरी."

गल्लीच्या टोकाला दोमितिला राहायची. मारिसिएलोची धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणायच्या. सख्ख्या बहिणीच्या वरताण माया. झोराइदाने पोरीला शालीत गुंडाळून तिच्याकडे सोडलं. "कोमाद्रे, दोन-तीन दिवस सांभाळ. घरात भिंतीचं काम काढलंय."

"अगं, विचारतेस काय? माझीच पोर ती! तू जा निवांत."

भिंतीचं काम, एवढंच ती म्हणाली. बुरशीचा शब्द तिच्या तोंडून बाहेर पडला नाही. गल्ली काय म्हणेल, हे सासूचं भूत तिच्याही मानगुटीवर होतंच.

याउरीने खोलीच्या दाराला जाड प्लास्टिक ताणून चारही बाजूंनी चिकटवलं. खिडकीतल्या चिंध्या उपटल्या, तिथे बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला, म्हणजे धूळ घरात न येता बाहेर जाईल. मग पायापासून डोक्यापर्यंत पांढरा पोशाख घालून तो आत गेला. झोराइदा प्लास्टिकला नाक लावून बघत राहिली. दर जुलैला सासूबाई पत्र्याने कोरडंच खसाखसा खरवडायच्या. हा आधी भिंत भिजवत होता, मग गिलाव्याचा तुकडा अलगद सोडवून पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत, गाठ मारून कोपऱ्यात. गिलावा निघाला तसे आतले वेळू दिसले. काळे पडलेले, बोट लावलं तर भुगा व्हावा असे. पार छतापर्यंत. प्लास्टिकमधूनही तो वास आला, कुजक्या ओल्या पोत्याचा. मोकळ्या हवेसाठी ती बाहेर रस्त्यावर आली.

धुकं होतं. किनाऱ्याचा वास होता, डिझेलचा होता. आणि त्या सगळ्यावर, दाट, गोडसर, निलगिरीचा.

क्षणभर तिला वाटलं आपल्याच कपड्यांना येतोय. मग ती वळली. वास गल्लीच्या टोकाकडून येत होता.

झोराइदा कशी धावली ते तिचं तिला ठाऊक नाही. पायातली एक चप्पल वाटेत राहिली. दोमितिलाचं दार ढकललं, आतल्या खोलीचं दार ढकललं, तर वाफेचा लोट अंगावर आला. खिडकी बंद. भिंती घामेजल्यासारख्या ओल्या. पलंगावर टॉवेलखाली तिची पोर, पातेल्यावर वाकलेली, आणि टॉवेलखालून तो आवाज, शिट्टीचाही नाही आता, नुसता आत ओढलेला, अडकलेला.

तिने टॉवेल फेकला. पोरीचे ओठ निळसर पडले होते. डोळे एवढाले. बोलायला श्वास नव्हता.

"खिडकी! कोमाद्रे, खिडकी उघड!"

"वेडी झालीस का? घामाघूम आहे ती, न्युमोनिया होईल!"

झोराइदाने पोरीला खांद्यावर टाकलं आणि खिडकीला लाथ घातली. मग मोजायला ती थांबली नाही. एक पाय अनवाणी, दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे, पाठीशी दोमितिलाचा आरडाओरडा. पोरीची छाती तिच्या खांद्यावर फडफडत होती. "देवा, माझं मेलीचं काय व्हायचं ते होऊ दे, हिला श्वास दे, हिला श्वास दे," एवढंच ती बडबडत होती.

डॉक्टरीणबाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. यंत्राचा मास्क पोरीच्या तोंडावर बसवला, औषधाचा बारीक धूर सुरू झाला. बेचाळीस. एकोणचाळीस. झोराइदा भिंतीला टेकून मोजत राहिली. ओठांचा रंग परतायला पाच मिनिटं लागली असतील, तिला तो एक जन्म वाटला. आरडाओरडा ऐकून सासूबाई धापा टाकत येऊन पोचल्या आणि पोरीच्या पायाशी बसल्या. बत्तीस. अठ्ठावीस. मारिसिएलोने मास्कआडून आजीकडे पाहिलं आणि डोळे मिटले, झोपेने.

तेवढ्यात दारात दोमितिला आली. रडून चेहरा सुजलेला. "मी काय वाईट केलं, सांग ना. पोर खोकायला लागली, मी घाबरले, वाफारा दिला. तूच शिकवलास की, कोमाद्रे! मे महिन्यात तूच पानांची जुडी आणून दिलीस, म्हणालीस खिडकी घट्ट लाव, दिवसातून तीनदा दे. मीच काय, अख्खी गल्ली देते. माझ्या बाबांना मी रोज देते, जूनपासून."

झोराइदाने तोंडावर हात ठेवला. दोमितिलाचे वडील, ऐंशीचे, मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेले. त्यांचं अंग वर्षभर आखडलेलं, हे सगळ्यांना माहीत होतं. पण त्यांना खोकला कधी लागला, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

"बाबा आता कुठेत?"

"घरीच. तू अशी पळालीस, मी मागे निघाले. त्यांना वारं लागू नये म्हणून दार-खिडकी लावून आले. पातेलं त्यांच्या खोलीत ठेवलंय, शेगडी चालू आहे."

झोराइदाने मारिसिएलोचा हात सासूच्या हातात दिला आणि ती दोमितिलाच्या घराकडे पळत सुटली.